दुसऱ्या सर्व्हरवरून डेटाबेसमध्ये लॉगिन होत नाही तेव्हा

अॅप्लिकेशन एका सर्व्हरवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर अशी मांडणी पहिल्यांदा केली की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. डेटाबेस सर्व्हरवर बसून लॉगिन केलं तर होतं. तेच नाव आणि तोच पासवर्ड अॅप्लिकेशनच्या सर्व्हरवरून टाकला की नकार. मग घाईघाईत पासवर्ड बदलला जातो, फायरवॉल बंद होते, यूजरला कुठूनही आणि काहीही करायची मुभा मिळते. यातल्या एखाद्या उपायाने काम चालूही होतं, पण नेमकं काय अडलं होतं ते कळत नाही आणि डेटाबेस उघडा पडलेला राहतो.

खरं तर नकार देताना सर्व्हर कारण सांगत असतो. फक्त ते नीट वाचायला हवं. पुढचं विवेचन मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबीसाठी आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचे वेगळे मुद्दे शेवटाकडे आहेत. उदाहरणात अॅप्लिकेशनचा सर्व्हर १०.०.२.१५, डेटाबेसचा सर्व्हर १०.०.२.४०, यूजर विक्रीअॅप आणि डेटाबेस विक्री_मुख्य असा धरला आहे. कमांड इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाकायच्या.

आधी एररचा क्रमांक मिळवा

अॅप्लिकेशनच्या पानावर दिसणारा 'डेटाबेसशी जोडणी झाली नाही' हा संदेश तपासासाठी निरुपयोगी असतो. अॅप्लिकेशनच्याच सर्व्हरवर टर्मिनल उघडा आणि थेट क्लायंटने प्रयत्न करा:

मायएसक्यूएल -एच १०.०.२.४० -यू विक्रीअॅप -पी

इथला 'पी' लहान लिपीतला. मोठ्या लिपीतला 'पी' पोर्टसाठी असतो. आणि लहान 'पी'नंतर जागा सोडून पासवर्ड लिहिला तर क्लायंट त्या शब्दाला डेटाबेसचं नाव समजतो, तेव्हा तिथे काहीच लिहू नका. तो विचारेल तेव्हा पासवर्ड द्या.

आता जो क्रमांक येईल त्यावर पुढची दिशा ठरते:

- २००३: तुम्ही सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाहीत. यूजर आणि पासवर्ड यांचा अजून संबंधच आलेला नाही.
- ११३०: पोहोचलात, पण तुमच्या पत्त्यावरून येणाऱ्या कोणासाठीही अकाउंट नाही.
- १०४५: पत्ता चालतो, नाव, पासवर्ड किंवा लॉगिनची एखादी अट जुळत नाही.
- २०५९ किंवा २०६१: पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीवर क्लायंट आणि सर्व्हर यांचं एकमत होत नाही.
- १०४४, ११४२: लॉगिन झालं, डेटाबेस किंवा टेबलवर परवानगी नाही.
- ११२९: तुमचा पत्ता सर्व्हरने तात्पुरता अडवला आहे.

२००३ येत असताना ग्रँटच्या (परवानगी देण्याच्या) कमांड चालवत बसणं म्हणजे शुद्ध वेळेचा अपव्यय. तसंच १०४५ येत असेल तर फायरवॉलला हात लावू नका. नकार खुद्द डेटाबेसकडून आला आहे, म्हणजे रस्ता मोकळाच आहे.

२००३ ऐवजी २००२ आला आणि संदेशात सॉकेट फाइलचा उल्लेख असेल, तर अॅप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये होस्ट म्हणून अजून 'लोकलहोस्ट' लिहिलेलं आहे. लिनक्सवर हा शब्द दिसला की क्लायंट नेटवर्क वापरतच नाही, त्याच मशीनवरची सॉकेट फाइल शोधतो. दोन सर्व्हर वेगळे केल्यावर ही ओळ बदलायची राहून जाते.

२००३: कंसातला आकडा पाहा

या एररच्या शेवटी कंसात आणखी एक आकडा असतो. तो ऑपरेटिंग सिस्टमचा आहे आणि अर्धं काम तोच करतो. पुढचे आकडे लिनक्सवरचे आहेत.

१११ म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पत्त्यावर त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. डेटाबेस सर्व्हरवर 'एसएस -टीएलएनपी' चालवा. १२७.०.०.१:३३०६ असं दिसलं तर डेटाबेस फक्त स्वतःच्या मशीनशीच बोलतो आहे. डेबियन आणि उबुंटूची पॅकेजेस मुद्दाम असंच सेटिंग ठेवून येतात. त्याच यादीत ३३०६० हा पोर्टही दिसेल, तो मायएसक्यूएलच्या एक्स प्रोटोकॉलचा. त्यावर गोंधळू नका. यादीत ३३०६ मुळीच नसेल तर सेवा बंद आहे, पोर्ट बदललेला आहे किंवा 'स्किप-नेटवर्किंग' (नेटवर्कवर ऐकणंच बंद) चालू आहे.

उपाय 'बाइंड-अॅड्रेस' या सेटिंगमध्ये. उबुंटूवर ते मायएसक्यूएलडी.सीएनएफ या फाइलमध्ये असतं, डेबियनवरच्या मारियाडीबीसाठी ५०-सर्व्हर.सीएनएफमध्ये. इथे नवखे हमखास चुकतात: कोणाला येऊ द्यायचं त्याची ही यादी आहे असं समजून ते १०.०.२.१५ लिहितात. बाइंड-अॅड्रेस म्हणजे डेटाबेस सर्व्हरने आपल्या स्वतःच्या कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते. दुसऱ्या मशीनचा पत्ता तिथे टाकला तर सेवा सुरूच होत नाही, कारण तो पत्ता या मशीनचा नाहीच. बरोबर मूल्य १०.०.२.४०. बदलानंतर सेवा रीस्टार्ट करावी लागते. तरीही जुनंच मूल्य दिसत असेल तर तेच सेटिंग नंतर वाचल्या जाणाऱ्या दुसऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहिलेलं आहे. 'सिलेक्ट @@बाइंड_अॅड्रेस;' विचारलं की प्रत्यक्षात काय लागू आहे ते कळतं.

११० म्हणजे उत्तरच आलं नाही, वाट पाहून क्लायंट थकला. इथे जवळजवळ नेहमी फायरवॉल असते, आणि ती दोन ठिकाणी असू शकते: मशीनवरची आणि क्लाउड पुरवठादाराच्या पॅनेलमधली. दोन्हीकडे नियम हवा. मशीनवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असेल तर:

यूएफडब्ल्यू अलाऊ प्रोटो टीसीपी फ्रॉम १०.०.२.१५ टू एनी पोर्ट ३३०६

फक्त 'अलाऊ ३३०६' लिहू नका. तसं केलं तर पोर्ट सगळ्यांना खुला होतो, आणि मशीनला सार्वजनिक पत्ता असेल तर पासवर्ड चाचपणाऱ्या बॉटनी लॉग भरायला सुरुवात होते.

११३ म्हणजे मार्ग नाही. रूटिंग चुकलं असेल. पण रेड हॅट घराण्याच्या सिस्टमवर फायरवॉलडी ही फायरवॉल नकार देते तेव्हाही हाच आकडा येतो, म्हणून आधी ती पाहा.

आणि १३. हा आकडा चक्रावून टाकतो, कारण टर्मिनलवरून लॉगिन होतं आणि वेबसाइटवरून नाही. १३ म्हणजे परवानगी नाकारली, आणि ती नाकारणारा डेटाबेस नसून अॅप्लिकेशनच्या सर्व्हरवरचा एसईलिनक्स (लिनक्समधला सुरक्षेचा पहारेकरी) असतो. वेब सर्व्हरने बाहेरच्या डेटाबेसशी बोलणं तो मुळात मना करतो. 'सेटएसईबूल' कमांडने 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी' हे मूल्य १ करा. सोबत मोठ्या लिपीतला '-पी' द्या, नाहीतर मशीन पुन्हा सुरू झालं की बदल पुसला जाईल. एसईलिनक्सच बंद करून टाकण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. एका स्विचचं काम असताना त्याची गरज नाही.

११३० आणि १०४५: सर्व्हरला तुम्ही कोण वाटता

मायएसक्यूएलमध्ये अकाउंट म्हणजे नुसतं नाव नव्हे. नाव आणि येण्याचा पत्ता मिळून एक अकाउंट होतं. 'विक्रीअॅप'@'लोकलहोस्ट' आणि 'विक्रीअॅप'@'१०.०.२.१५' ही दोन स्वतंत्र अकाउंट आहेत. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, परवानग्याही वेगळ्या. स्थानिक लॉगिन चालतं आणि दुरून चालत नाही याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच, की दुसरं अकाउंट तयारच केलेलं नसतं.

११३०च्या संदेशात यूजरचं नाव नसतं, फक्त पत्ता असतो. सर्व्हरने नाव विचारायच्या आधीच परत पाठवलेलं असतं. १०४५मध्ये मात्र 'नाव'@'पत्ता' अशी पूर्ण जोडी छापून येते. ही जोडी अक्षर न अक्षर वाचा, कारण तुम्ही कुठून आलात असं सर्व्हरला वाटतं ते इथेच दिसतं, आणि ते तुमच्या समजुतीपेक्षा बरेचदा वेगळं निघतं. त्याची कारणं:

मशीनला दोन नेटवर्क कार्डं असतील तर बाहेर पडताना कोणता पत्ता वापरायचा ते रूटिंग ठरवतं. अॅप्लिकेशनच्या सर्व्हरवर 'आयपी रूट गेट १०.०.२.४०' चालवा, उत्तरात 'एसआरसी'पुढे जो पत्ता दिसेल तो खरा. मधे नॅट (पत्ता बदलून पुढे पाठवणारी व्यवस्था) असेल तर सर्व्हरला नॅट करणाऱ्या उपकरणाचा पत्ता दिसतो. डॉकरच्या कंटेनरमधून दुसऱ्या मशीनवर गेलात तर नेहमीच्या ब्रिज मांडणीत यजमान मशीनचा पत्ता दिसतो, पण डेटाबेस त्याच यजमान मशीनवर असेल तर १७२.१७ने सुरू होणारा कंटेनरचा पत्ता दिसतो. आणि संदेशात आकड्यांऐवजी मशीनचं नाव आलं, तर सर्व्हरने पत्त्यावरून डीएनएसमध्ये उलट शोध घेतला आहे.

या उलट शोधाचा वेगळा त्रास आहे. डीएनएस उत्तर देत नसेल तर प्रत्येक लॉगिनला काही सेकंद लागतात, एरर मात्र येत नाही. 'स्किप_नेम_रिझॉल्व्ह' चालू केलं की शोध थांबतो. पण मग मशीनच्या नावाने केलेली सगळी अकाउंट निकामी होतात. आधी ती आकडी पत्त्यांवर आणा, मगच हे सेटिंग बदला.

आता डेटाबेस सर्व्हरवर प्रशासक म्हणून यादी काढा:

सिलेक्ट यूजर, होस्ट, प्लगइन फ्रॉम मायएसक्यूएल.यूजर;

संदेशातली जोडी या यादीत नसेल तर अकाउंट तयार करा:

क्रिएट यूजर 'विक्रीअॅप'@'१०.०.२.१५' आयडेंटिफाइड बाय 'पासवर्ड';

अवतरण चिन्हं नाव आणि पत्ता दोघांना वेगवेगळी हवीत. संपूर्ण जोडी एकाच अवतरणात घातली तर 'विक्रीअॅप@१०.०.२.१५' हे सगळं मिळून यूजरचं नाव होतं आणि पत्त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह बसतं. अॅप्लिकेशनचे सर्व्हर अनेक असतील तर '१०.०.२.%' चालतं. '१०.०.२.०/२४' ही रीत मायएसक्यूएल ८.०.२३ पासून आहे, त्याआधी '१०.०.२.०/२५५.२५५.२५५.०' असा पूर्ण नेटमास्क लिहावा लागतो.

यादीत एकाच नावाच्या दोन-तीन ओळी असतील तर सावध व्हा. सर्व्हर जास्त नेमक्या पत्त्याची ओळ आधी घेतो आणि तिथेच थांबतो. समजा '१०.०.२.१५'वाल्या ओळीत जुना पासवर्ड आहे आणि '%'वाल्या ओळीत नवा. १०.०.२.१५ वरून नवा पासवर्ड टाकला तर १०४५ येणार. पहिली ओळ फसली म्हणून सर्व्हर दुसरी वापरून पाहत नाही. 'पासवर्ड बदलला तरी फरक पडत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे असतं: बदल एका अकाउंटमध्ये झाला, लॉगिन दुसऱ्याचं तपासलं गेलं. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये नाव नसलेली अनामिक अकाउंटही असतात. ''@'लोकलहोस्ट' हे अकाउंट 'विक्रीअॅप'@'%'च्या आधी पकडलं जातं. अशी अनामिक अकाउंट काढूनच टाका.

लॉगिन झालं पण वागणं विचित्र वाटतं, तेव्हा हे विचारा:

सिलेक्ट यूजर(), करंट_यूजर();

पहिलं उत्तर तुम्ही कोण म्हणून आलात ते. दुसरं सर्व्हरने तुम्हाला कोणत्या अकाउंटखाली घेतलं ते. दोन्हीत फरक दिसला की परवानग्यांचं कोडं तिथेच सुटतं.

जोडी बरोबर, तरी १०४५

संदेशाच्या शेवटी 'यूजिंग पासवर्ड: नो' असेल तर अॅप्लिकेशनने पासवर्ड पाठवलाच नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामं आहे, किंवा सेटिंगची फाइल त्या सेवेला वाचता येत नाही.

'येस' असेल तर पासवर्ड वाटेत बिघडला का ते पाहा. शेलमध्ये डॉलरचं चिन्ह दुहेरी अवतरणात दिलं की पुढचा शब्द व्हेरिएबल समजून बदलला जातो. एकेरी अवतरण वापरा. सीएनएफ फाइलमध्ये हॅशचं चिन्ह आलं की उरलेली ओळ टिप्पणी ठरते, म्हणून असा पासवर्ड अवतरणात ठेवा. अकाउंटवर 'रिक्वायर एसएसएल' (एन्क्रिप्टेड जोडणीच हवी) अशी अट असेल आणि क्लायंट साध्या जोडणीने आला, तरीही १०४५च येतो आणि पासवर्डवर विनाकारण संशय जातो. 'शो क्रिएट यूजर'मध्ये ही अट दिसते. रूटने दुरून यायचा प्रयत्न असेल तर तो सोडा. उबुंटूवर रूटचं अकाउंट सॉकेटवरून ओळख पटवतं, पासवर्डवरून नाही, आणि अॅप्लिकेशनला रूट देण्याचं कारणही नाही.

कारण सापडतच नसेल तर सर्व्हरचा एरर लॉग बोलका करा. मायएसक्यूएलमध्ये 'लॉग_एरर_व्हर्बॉसिटी' एरवी २ असतं. ३ केलं की नाकारलेली लॉगिनसुद्धा लॉगमध्ये येतात.

२०५९ आणि २०६१: पासवर्ड तपासण्याची पद्धत

२०१८ साली आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून नवीन अकाउंटना 'कॅशिंग_शा२_पासवर्ड' ही पद्धत आपोआप लागते. जुन्या क्लायंट लायब्ररीला ती माहीत नसते, म्हणून २०५९. योग्य उपाय लायब्ररी अद्ययावत करणं. पीएचपी असेल तर ७.४ किंवा पुढची आवृत्ती. अकाउंट जुन्या 'मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड'वर नेणं हा ८.० पुरता तात्पुरता उपाय आहे. ८.४मध्ये ती पद्धत मुळात बंद असते आणि ९.० मधून काढूनच टाकली आहे.

२०६१ची गंमत अशी की तो अधूनमधून येतो. कालपर्यंत चाललेलं अॅप्लिकेशन सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर अडतं. 'कॅशिंग_शा२_पासवर्ड' ही पद्धत पहिल्या लॉगिनच्या वेळी सुरक्षित जोडणी किंवा सर्व्हरची सार्वजनिक की मागते. एकदा लॉगिन झालं की निकाल मेमरीत राहतो आणि पुढची लॉगिन साध्या जोडणीवरही होतात. रीस्टार्ट किंवा 'फ्लश प्रिव्हिलेजेस' (परवानग्या नव्याने वाचायची कमांड) झालं की मेमरी रिकामी, अट पुन्हा लागू. जावाच्या अॅप्लिकेशनमध्ये हेच 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' या रूपात दिसतं. जोडणीवर टीएलएस (एन्क्रिप्शन) चालू करा, प्रश्न कायमचा मिटतो.

लॉगिन झालं, परवानगी नाही

शो ग्रँट्स फॉर 'विक्रीअॅप'@'१०.०.२.१५';

उत्तरात फक्त 'यूसेज' दिसलं तर अकाउंटला आत येण्यापलीकडे काहीही करता येत नाही. साधारण अॅप्लिकेशनला एवढं पुरतं:

ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट ऑन विक्री_मुख्य.* टू 'विक्रीअॅप'@'१०.०.२.१५';

मायएसक्यूएल ८.०मध्ये ग्रँटने नवीन अकाउंट तयार होत नाही. जोडीत पत्ता चुकला तर १४१० येतो, आणि तो वाचून 'मला अधिकार नाहीत' असा चुकीचा अर्थ काढला जातो. डेटाबेसच्या नावातली अंडरस्कोर ग्रँटमध्ये 'कोणतंही एक अक्षर' अशी वाचली जाते. मिळत्याजुळत्या नावांचे डेटाबेस असतील तर तिच्याआधी बॅकस्लॅश द्या.

ग्रँटनंतर 'फ्लश प्रिव्हिलेजेस' लागत नाही. परवानग्यांच्या टेबलांत थेट फेरफार केला तरच लागतं. मात्र संपूर्ण सर्व्हरपुरत्या परवानग्या चालू जोडण्यांना मिळत नाहीत, आणि कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) वापरणारं अॅप्लिकेशन जुन्या जोडण्या धरून बसतं. ते रीस्टार्ट करा.

डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवल्यावर १४४९ येऊ शकतो: व्ह्यू किंवा प्रोसीजर ज्याच्या नावाने बनवलं ते 'डिफायनर' अकाउंट नव्या सर्व्हरवर नाही. डंपमधून (डेटाबेसच्या निर्यात केलेल्या प्रतीतून) डेटा येतो, अकाउंट येत नाहीत. ते अकाउंट तिथे तयार करा किंवा व्ह्यू नव्या डिफायनरने पुन्हा बनवा.

११२९: पत्ताच अडवला

एका पत्त्यावरून सलग १०० जोडण्या अर्धवट तुटल्या की सर्व्हर तो पत्ता अडवतो. मर्यादा 'मॅक्स_कनेक्ट_एरर्स'मध्ये असते. चुकीचा पासवर्ड यात मोजला जात नाही. पोर्ट उघडून लगेच बंद करणारा लोड बॅलन्सर किंवा देखरेखीची स्क्रिप्ट हे नेहमीचे गुन्हेगार. 'एनसी' कमांडने पोर्ट चाचपणंही यातच मोडतं. मायएसक्यूएलमध्ये 'परफॉर्मन्स_स्कीमा.होस्ट_कॅश' हे टेबल ट्रंकेट (रिकामं) केलं की अडवणूक उठते. नुसती मर्यादा वाढवण्यापेक्षा जोडण्या कोण तोडतंय ते शोधा.

पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर

पोर्ट ५४३२, आणि बाइंड-अॅड्रेसच्या जागी 'लिसन_अॅड्रेसेस'. ते बदललं की रीस्टार्ट. कोणी कुठून यावं हे अकाउंटमध्ये नसून पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलमध्ये असतं; तिच्यातल्या बदलाला 'सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ();' पुरतं.

फाइल वरून खाली वाचली जाते, आणि जुळणारी पहिली ओळच लागू होते. वर एखादी व्यापक 'रिजेक्ट'ची ओळ असेल तर खाली लिहिलेली तुमची ओळ कधीच वाचली जाणार नाही. 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री' असा संदेश आला तर त्यातला पत्ता, यूजर, डेटाबेस आणि एन्क्रिप्शन हे चारही तपशील तुमच्या ओळीशी ताडून पाहा; ओळ 'होस्टएसएसएल'ने सुरू होत असेल आणि जोडणी साधी असेल तर ती जुळत नाही. ओळीत लिहिण्यातच चूक असेल तर 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' हे व्ह्यू ती दाखवतं.

फाइलमध्ये 'स्क्रॅम-शा-२५६' लिहिलं असेल आणि पासवर्ड जुन्या एमडी५ रूपात साठवलेला असेल, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. पासवर्ड पुन्हा सेट करा. १४व्या आवृत्तीपासून तो आपोआप स्क्रॅममध्ये साठतो. परवानग्यांचे टप्पेही इथे जास्त: डेटाबेसवर कनेक्ट, स्कीमावर यूसेज, मग टेबलवर सिलेक्ट वगैरे. आजच्या टेबलांना दिलेली परवानगी उद्याच्या टेबलांना लागू होत नाही, त्यासाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' आधीच चालवून ठेवावं लागतं.

चालू झाल्यावर

तपास करताना सैल केलेलं सगळं आवळा. चाचणीसाठी केलेलं '%'वालं अकाउंट 'ड्रॉप यूजर'ने काढा, पण आधी 'शो प्रोसेसलिस्ट'मध्ये त्याच नावाने दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून कोणी येत नाही ना ते पाहा. लॉगची पातळी पुन्हा २ करा. फायरवॉलच्या नियमांत फक्त १०.०.२.१५ उरला आहे ना ते तपासा. पासवर्ड कमांडमध्येच टाइप केला असेल तर तो शेलच्या हिस्टरीत पडून आहे. तो बदला, आणि बदलताना पत्त्यासकट पूर्ण जोडी लिहा.